पोरं गावी गेली, खोल्या रिकाम्या: नागपुरातल्या नव्या घरमालकांसाठी उन्हाळी भाड्याची वाट

नागपुरात विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या घरात भाडं साधारण दहा महिन्यांचं येतं आणि खर्च बारा महिन्यांचा असतो. मालमत्ता कर, कर्जाचा हप्ता, झाडू-पोछा करणाऱ्या मावशींचा पगार, यातलं काहीच मे महिना आहे म्हणून थांबत नाही. नंदनवन, हनुमान नगर, बजाजनगर, हिंगणा रोड, वाठोडा, काटोल रोड या भागांत अनेकांनी निवृत्तीचे पैसे घालून वरचा मजला चढवला, चार-सहा खोल्या काढल्या, कॉट टाकल्या. ज्यांचा हा पहिलाच उन्हाळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मुख्य सल्ला आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. उन्हाळ्यात खोली रात्रीच्या भाड्याने देऊ नका, आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने द्या. रात्रीचे सातशे-आठशे रुपये ऐकायला छान वाटतात. पण मग रोज नवा माणूस, रोज नवी चादर, रोज नवं ओळखपत्र, रात्री उशिरा गाडीतून उतरलेल्यांसाठी दार उघडायला जागणं आणि शेजाऱ्यांची रोजची नाराजी हे सगळंही येतं. शिवाय रोजच्या भाड्याने खोल्या देणं हा लॉजचा धंदा झाला. त्याचे परवाने वेगळे, वीजदर वेगळा, कराचा हिशेब वेगळा. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. आणि जायची गरजही नाही, कारण चार-सहा आठवडे राहायला जागा शोधणारी माणसं या शहरात एप्रिल ते जून भरपूर असतात.

पहिली पायरी: खोली खरंच रिकामी आहे का, ते ठरवा

या पायरीवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून इथे वेळ घाला.

मुलगा गावी गेला म्हणजे खोली तुमची झाली असं नाही. त्याने मे-जूनचं भाडं भरलं असेल, अर्धं का होईना, तर ती खोली त्याची आहे. जागा राखून ठेवायला अर्धं भाडं घ्यायची पद्धत नागपुरात सर्रास आहे. एका हाताने ते अर्धं भाडं घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने तीच कॉट दुसऱ्याला द्यायची, हे अजिबात करू नका. गोष्ट लपत नाही. मुलगा परत येतो, कपाटात कुणाचा तरी कंगवा सापडतो, आणि त्याच्या कॉलेजातल्या सगळ्या पोरांच्या ग्रुपवर तुमच्या घराचं नाव जातं.

खोली कधी रिकामी होणार, हेही कॉलेजवर अवलंबून आहे. स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजांच्या परीक्षा लवकर आटोपतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मात्र अभ्यासक्रमानुसार बऱ्याच लांबतात, त्यामुळे एकाच खोलीतला एक मुलगा एप्रिलअखेर घरी आणि दुसरा जूनपर्यंत इथेच, असं होतं. स्पर्धा परीक्षा करणारी पोरं तर गावी जातच नाहीत. म्हणून मार्चमध्येच प्रत्येकाला विचारून एका वहीत तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटचा पेपर कधी, परत येणार की खोली सोडणार, सामान ठेवणार की नेणार.

मग प्रत्येकाला पर्याय द्या. जो कायमचा सोडतो आहे त्याचा प्रश्न नाही. ॲडव्हान्सचा हिशेब करा, किल्ली घ्या. जो जुलैत परत येणार आहे त्याला सांगा की, मे आणि जूनचं भाडं मी घेत नाही, तुझी जागा पक्की राहील, पण हे दोन महिने खोली मी दुसऱ्या कुणाला देईन आणि तुझं सामान एका कुलूपबंद खोलीत ठेवीन. बहुतेक आई-वडील याला आनंदाने होकार देतात, कारण त्यांचे पैसे वाचतात. जो म्हणेल की मी भाडं भरतो पण खोलीला हात लावू नका, त्याचं म्हणणं मान्य करा आणि त्या खोलीकडे पुन्हा पाहू नका.

तोंडी बोलण्यावर थांबू नका, व्हॉट्सॲपवर एक निरोप टाका आणि उत्तर मागून घ्या. मी साधारण असं लिहिते:

“प्रणय बेटा, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे १० मे ते ३० जून खोली क्रमांक ३ चं भाडं तुझ्याकडून घेणार नाही. या काळात खोली मी दुसऱ्यांना देणार आहे. तुझ्या दोन बॅगा, गादी, टेबल फॅन आणि पुस्तकांचं खोकं वरच्या खोलीत कुलपात राहील. लॅपटॉप, सोनं, मूळ मार्कशीट इथे ठेवू नकोस. १ जुलैला तुझी तीच कॉट तुला मिळेल. मान्य असेल तर ‘हो’ लिही, आणि बाबांनाही हा निरोप दाखव.”

तिकडून “हो काकू” आलं की झालं. सामान बांधताना मुलाला सोबत उभं करा, खोक्यावर मार्करने नाव लिहा आणि दोघांच्या फोनमध्ये फोटो ठेवा. सामानासाठी एक खोली अडकते, हे खरं. पण ती अडकली तरच बाकीच्या मोकळ्या होतात.

इथे विद्यार्थ्यांनाही एक शब्द. तुम्ही फ्लॅट भाड्याने घेतला असेल आणि सुट्टीत तो परस्पर मित्राच्या मित्राला देण्याचा विचार असेल, तर तो सोडा. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही. मालकाला विचारा आणि उन्हाळ्यापुरता नवा करार मालकाच्याच नावाने होऊ द्या.

घर सोसायटीत असेल तर सचिवांशी आधी बोला. पार्किंग आणि पाणी, या दोनच गोष्टींवर सोसायट्या अडतात.

दुसरी पायरी: कुणासाठी खोली ठेवायची

घर कुठे आहे, त्यावर पाहुणा ठरतो. सगळ्यांना सगळं देण्याचा प्रयत्न केला की खोली कुणाच्याच कामाची राहत नाही.

मेडिकल चौक, हनुमान नगर, मानेवाडा रोड या पट्ट्यात घर असेल तर तुमचा पहिला पाहुणा रुग्णाचा परिवार आहे. शासकीय मेडिकल आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय याच भागात आहेत. जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमध्ये एम्स आहे, त्यामुळे वर्धा रोडवरच्या घरांनाही हाच विचार लागू पडतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आणि पलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट इथून लोक येतात. कॅन्सरच्या रुग्णाला रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस घ्यावं लागतं आणि ते अनेकदा पाच ते सात आठवडे चालतं. मशीनखाली काम काही मिनिटांचं, पण त्यासाठी रोज यावं लागतं. गडचिरोलीहून रोज येणं-जाणं शक्य नाही आणि इतके आठवडे लॉज परवडत नाही. अशा परिवाराला एक स्वच्छ खोली, खाली उतरायला कमी पायऱ्या आणि खिचडी शिजवायला एक शेगडी मिळाली, तर त्यांचा अर्धा त्रास कमी होतो.

त्यांच्यासाठी तळमजल्याची खोलीच द्या. संडास कमोडचा आणि खोलीला लागून हवा. वरच्या मजल्यावरच्या खोलीचं भाडं निम्मं केलं तरी ती त्यांच्या कामाची नाही. केमो चालू असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून गादीवर नवं धुतलेलं कव्हर, फिनाइलने पुसलेली फरशी आणि वेगळी बादली-मग या गोष्टी आग्रहाने करा. जवळचा रिक्षावाला आणि रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान, दोघांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. आणि पैशाचं आधीच ठरवून ठेवा: उपचार मध्येच थांबले किंवा रुग्णाचं बरंवाईट झालं, तर उरलेल्या दिवसांचे पैसे त्याच दिवशी परत, एकही प्रश्न न विचारता. या खोलीतून जे मिळतं त्याला माणुसकीची मर्यादा हवी, असं माझं ठाम मत आहे. गरजू आहेत म्हणून भाव वाढवणारे मालक मी पाहिले आहेत. अशा घराचं नाव रुग्णालयाच्या आवारात फार दिवस चांगलं राहत नाही.

दुसरा चांगला पाहुणा म्हणजे इंटर्न. मे-जूनमध्ये इंजिनिअरिंग, व्यवस्थापन आणि विज्ञानाची मुलं प्रशिक्षणाला नागपुरात येतात. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइल या दोन्हींची मुख्यालयं इथे आहेत, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मिहानमधल्या आयटी कंपन्या आहेत, हिंगणा आणि बुटीबोरीची एमआयडीसी आहे. ही मुलं सहा-आठ आठवडे राहतात, सकाळी जातात, संध्याकाळी येतात, आणि कॉट, कूलर, वाय-फाय एवढंच मागतात. विद्यार्थ्यांच्या खोलीत काहीही न बदलता ती बसतात. मेट्रोच्या लोकमान्य नगर ते प्रजापती नगर किंवा खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक मार्गावर घर असेल, तर जाहिरातीत स्टेशनचं नाव पहिल्या ओळीत टाका. मेच्या उन्हात दुचाकी नसलेल्या मुलाला त्याचंच महत्त्व असतं.

तिसरे परीक्षेचे आणि क्लासचे. बारावीचा बोर्ड संपला की सीईटी आणि नीटच्या क्रॅश कोर्ससाठी तालुक्याची मुलं-मुली येतात. नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी होते, म्हणजे हा पाहुणा मार्च-एप्रिलचा, तुमची पोरं जाण्याच्या आधीचा. एखादी खोली आधीच रिकामी असेल तरच याचा विचार करा.

लग्नाचं वऱ्हाड, ताडोबा-पेंचला जाता-येता एक रात्र थांबणारे पर्यटक, हे सगळे रात्रीचे पाहुणे. एका लग्नाला दोन दिवस सगळ्या खोल्या देऊन टाकण्याचा मोह होतो. वऱ्हाड म्हणजे दहा म्हटले की अठरा, आणि विद्यार्थ्यांच्या कॉट त्यासाठी नसतात. नातेवाइकांच्या लग्नासाठी ठीक, धंदा म्हणून नको. पर्यटकांना जागा द्यायचीच असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाची निवास व न्याहारी योजना आहे. तिच्यात रीतसर नोंदणी करा आणि मग द्या.

मुलींचं होस्टेल असेल तर उन्हाळ्यातही फक्त महिलांनाच द्या: इंटर्न मुली, परीक्षेला आलेली मुलगी आणि तिची आई. यात अपवाद एकही नको. जुलैत मुलींचे पालक हेच पहिलं विचारतात.

तिसरी पायरी: कागद

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. थोड्याच दिवसांसाठी आहे म्हणून यात सूट नाही. महानगरपालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि आधारच्या आधारे सगळं घरबसल्या ऑनलाइन होतं. अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणारे एजंटही आहेत, त्यांची फी वेगळी. खर्चाकडे पाहिलं तर चार दिवसांच्या पाहुण्यासाठी हा उपद्व्याप परवडत नाही, दोन महिन्यांच्या इंटर्नसाठी सहज परवडतो. दोन इंटर्न एका खोलीत असतील तर दोघांचा मिळून एकच करार करा. शुल्क एकदाच लागतं.

करारात शेवटची तारीख ठळक लिहा. मुदत संपल्यावरही राहिलं तर काय, हेही लिहा. जुलैत तुमचा जुना मुलगा बॅग घेऊन दारात उभा असणार आहे.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन भरता येते, नाहीतर जवळच्या ठाण्यात फॉर्म द्या. इंटर्न परदेशी असेल तर तो आल्याची माहिती (आधी यालाच ‘सी’ फॉर्म म्हणत) २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. आधारची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली चालते. फोटो फोनमध्ये विखरून ठेवू नका, एका फाइलीत ठेवा.

कराचं थोडक्यात. घरभाडं आयकरात दाखवायचं असतं, आणि ‘घर मालमत्तेचं उत्पन्न’ म्हणून दाखवलं तर महानगरपालिकेचा भरलेला कर वजा जाऊन उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. जेवण, सफाई, कपडे धुणं अशा सेवा जोडल्या की उत्पन्नाचं शीर्षक बदलू शकतं, तेव्हा सीएला विचारा. सेवांची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची चिंता सहसा नसते. डबा स्वतः करून विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्या. जवळच्या मेसचा डबा लावून देणं त्यापेक्षा सोपं.

चौथी पायरी: खोली उन्हाळ्याला तयार करा

नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि नवतपाच्या दिवसांत, म्हणजे साधारण २५ मेपासून पुढचे नऊ दिवस, वरच्या मजल्याच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात. इथे खोलीपेक्षा कूलर भाड्याने जातो, असं समजूनच तयारी करा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे कूलर बाहेर काढा. ताट्या बदला, जुनं गवत पुन्हा वापरू नका, त्याला वास येतो. पंप पाण्यात टाकून पाहा, तिन्ही ताट्यांवर पाणी सारखं पडतं का बघा. वरची पन्हाळी क्षाराने बुजलेली असते, ती तारेने साफ करा.

आता विजेचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग, एवढं एकत्र आलं की पुरे. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्रत्येक खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग मीटरने तपासून घ्या, नुसतं “आहे हो काकू” ऐकून थांबू नका. मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा खटका, बसवा. त्याच्यावर टेस्टचं एक छोटं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडून घरची वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो बदला. महिन्यातून एकदा हे स्वतः करा. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा, जोडलेली वायर नको. आणि कूलरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत चिकटवा: “पाणी भरताना, हात घालताना आधी प्लग काढा.” बाहेरगावच्या पाहुण्याला, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, ते करूनही दाखवा. एवढी एकच गोष्ट या लेखातून केली तरी मला समाधान वाटेल.

सगळे कूलर एकाच वेळी चालले तर घराचा मंजूर भार पुरतो का, तेही इलेक्ट्रिशियनलाच विचारा. पुरत नसेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवा. फ्यूज जाड करून वेळ मारून नेऊ नका.

पाणी हा दुसरा घोर. कोरड्या हवेत मोठा कूलर दिवसाला टाकीभर पाणी सहज संपवतो. चार कूलर म्हणजे एका कुटुंबाचं वापरायचं पाणी. तुमच्याकडे ऑरेंज सिटी वॉटरचं नळाचं पाणी मेमध्ये किती वेळ येतं, बोअर कधी आटते, हे आधी पाहा आणि तेवढेच पाहुणे घ्या. बोअरचं पाणी कूलरला, नळाचं प्यायला, अशी वाटणी ठेवा. दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळा: कूलरची टाकी पूर्ण रिकामी, आतून घासून, वाळवून. डेंग्यूच्या डासाची अंड्यातून डास होईपर्यंतची वाटचाल साधारण आठ-दहा दिवसांची असते, ती अशी मध्येच तुटते.

बाकी तयारी किरकोळ. दोन जोडी चादरी, उशीची कव्हरं, जाड पडदा, पाण्याचा माठ, दाराला नवं कुलूप. विद्यार्थ्याकडे जुन्या कुलपाची किल्ली असते, म्हणून कुलूप बदलायचंच.

पाचवी पायरी: भाडं आणि खरा हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा चार खोल्या, आठ कॉट, कॉटला महिन्याचे ४,००० रुपये. म्हणजे मे-जून रिकामे गेले तर ६४,००० रुपयांचं भाडं बुडतं. आता उन्हाळा बसवू. तळमजल्याची खोली एका रुग्ण-परिवाराला सहा आठवडे, आठवड्याला २,००० प्रमाणे: १२,०००. दुसरी खोली दोन इंटर्नना दोन महिने, माणशी ४,५०० प्रमाणे: १८,०००. तिसऱ्या खोलीत पोरांचं सामान. चौथीत रंग आणि भिंतींच्या ओलीचं काम. एकूण ३०,००० रुपये.

खर्च पाहा. कूलरची मोटर आणि पंप मिळून साधारण २०० वॉट धरले आणि तो दिवसाला १६ तास चालला, तर ३.२ युनिट होतात, म्हणजे महिन्याला ९६. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. सगळ्या खोल्या एकाच मीटरवर असतील तर पाहुण्याचे युनिट वरच्या टप्प्यात पडतात. म्हणून मागच्या मेचं बिल काढा, एकूण रकमेला एकूण युनिटनी भागा, आणि तो दर धरा. वीज ५,०००, सफाईच्या मावशी ३,०००, करार आणि एजंट २,५०० धरले तर हातात १९,५०० उरतात.

म्हणजे बुडणाऱ्या भाड्याचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग परत आला, आणि शिवाय रंगाचं काम झालं. पहिल्या उन्हाळ्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा. यापेक्षा जास्त सांगणाऱ्या दलालावर विश्वास ठेवू नका.

एसी खोली असेल तर सबमीटर लावल्याशिवाय देऊ नका. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की दहा-बारा युनिट सहज जातात. वीज मात्र आलेल्या बिलाच्या दरानेच लावा, त्यात नफा काढू नका. इंटर्नकडून दोन-तीन हजार ॲडव्हान्स घ्या, रुग्णाच्या घरच्यांकडून तोही घेऊ नका.

सहावी पायरी: पाहुणे आणणं

सर्वांत आधी तुमचीच पोरं. जाणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगा की कॉलेजातला कुणी ज्युनिअर किंवा बाहेरगावचा मित्र इंटर्नशिपला येणार असेल तर आपल्याकडे पाठव. सगळ्यात भरवशाचा पाहुणा इथूनच येतो. मग कॉलेजांचे प्लेसमेंट अधिकारी, संस्थांच्या प्रशिक्षण विभागाचे कारकून. त्यांना मार्चमध्ये एक पानाचं पत्रक नेऊन द्या. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, तिथल्या अधीक्षकांना भेटा. आवारात चिकटवलेल्या कागदापेक्षा त्यांच्या एका शब्दाला वजन असतं. जवळच्या मेसवाल्याला आणि औषध दुकानदाराला नंबर देऊन ठेवा. गूगल मॅपवर घराची जागा नीट लावा आणि फोटो दिवसाच्या उजेडात काढलेले टाका, त्यात संडास-बाथरूमचाही असू द्या.

ऑनलाइन जाहिरात दिली की एक फोन हमखास येतो. समोरचा सैन्यात असल्याचं सांगतो, बदली झाली आहे म्हणतो, खोली न पाहताच घ्यायला तयार असतो आणि “ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा” म्हणतो. स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे येत नाहीत, जातात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

सातवी पायरी: राहत असताना

पाहुणा आला की पहिले पंधरा मिनिटं त्याच्यासोबत खोलीत उभे राहा. कूलर दाखवा, मोटर कधी चालू होते ते सांगा, कचरागाडी किती वाजता येते ते सांगा, कॉट, गादी, पंखा, आरसा यांचा एक फोटो दोघांनी घ्या. नियम चार-पाचच ठेवा आणि तेच दारावर लावा. स्वयंपाक कुठे करायचा, बाहेरच्यांना रात्री थांबता येणार नाही, गेट कधी बंद होतं, दारू चालणार नाही. लांबलचक यादी कुणी वाचत नाही.

रुग्णाच्या खोलीत दोन दिवसांआड डोकवा, पण “कसं आहे आता?” याच्या पुढे विचारू नका. सांगायचं असेल तर ते आपणहून सांगतात.

आठवी पायरी: जूनमध्ये खोल्या परत ताब्यात घेणं

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या टप्प्यात उघडतात, कॉलेजांचं वर्ष त्यानंतर रुळावर येतं, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्या तर त्याही पुढे रेंगाळतात. त्यामुळे “अजून एक महिना राहू द्या” अशी विनंती येते आणि ती मान्य करावीशी वाटते. ज्या खोलीवर जुन्या मुलाचा हक्क नाही, तिथे खुशाल मुदत वाढवा, मात्र नव्या करारानेच. बाकीच्या खोल्या ३० जूनच्या आठवडाभर आधी मोकळ्या झाल्याच पाहिजेत, कारण नव्या मुलांचे आई-वडील खोली पाहायला जूनमध्येच येतात आणि त्यांना रंगाच्या डब्यांनी भरलेली खोली दाखवून चालत नाही.

पाऊस साधारण जूनच्या मध्यात येतो. हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, पाहुणेही कमी होतात. गच्चीची फट, पावसाळी पाइप, खिडकीवरचं पत्र्याचं छत ही कामं त्याच्या आधी उरकून घ्या. कूलर रिकामे करून, पुसून, झाकून ठेवा. पाहुण्याच्या नावावर घेतलेला डबा बंद करा, वाय-फायचा पासवर्ड आणि दाराचं कुलूप बदला. मग सामानाची खोली उघडून फोटो पाहत प्रत्येकाच्या बॅगा त्याच्या-त्याच्या कॉटवर ठेवा, आणि मुलाला निरोप टाका की खोली तयार आहे, येताना नवं बोनाफाइड आणि दोन फोटो घेऊन ये.